मल्कीयाचं ‘अजून नाही’

समुद्रकाठच्या एका बंदरगावात मल्कीया नावाचा एक यहुदी विणकर राहत असे. जहाजांना लागणारं शिडाचं कापड तो विणायचा. त्याच्या हातचं कापड भर वाऱ्यातही फाटत नसे, आणि त्याचा शब्दही तसाच पक्का होता. दोन व्यापाऱ्यांत तंटा झाला की लोक म्हणत, “मल्कीयाला विचारा. तो सख्ख्या बापासाठीसुद्धा खोटं बोलायचा नाही.”

ही फार जुनी गोष्ट आहे. येशूला क्रुसावर खिळलं, त्याला तेव्हा पंधरा-वीस वर्षंच झाली होती. तो मेलेल्यांतून उठला, ही वार्ता वाटसरूंच्या आणि खलाशांच्या तोंडून गावोगाव जात होती. ती या बंदरातही पोचली. मल्कीयानं तिच्यावर विश्वास ठेवला. आणखी नऊ-दहा यहुदी घरांनीही ठेवला. आपण आपला धर्म सोडला, असं मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा कुठलंही काम न करण्याचा दिवस, पाळत, प्रार्थनेला सभास्थानात जात, वाडवडिलांच्या नियमाप्रमाणे खात-पीत. फक्त शब्बाथच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, सगळे मल्कीयाच्या घरी जमत. येशूची आठवण करत. मल्कीया एक भाकर मोडून सगळ्यांना देई आणि मग पंगत बसे. त्या छोट्या मंडळीचा वडीलधारा तोच होता.

त्याच गावात त्रीफोन नावाचा एक ग्रीक माणूस दोरखंड वळत असे. शिडाला दोर लागतोच, त्यामुळे दोघांची रोजची गाठ. दोर मोजता मोजता मल्कीया त्याला येशूबद्दल सांगायचा. का सांगायचा, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. मनात मावेना म्हणून सांगायचा, इतकंच. त्रीफोन ऐकत राही. एके दिवशी हातातला दोर खाली ठेवून तो म्हणाला, “मल्कीयाबाबा, एक विचारू? तो मेला, तो कुणासाठी?”

“सगळ्यांसाठी,” मल्कीया म्हणाला.

“सगळ्यांत मी आलो का?”

“सगळे म्हणजे सगळेच की रे.”

त्रीफोन तसाच उठला. घरी गेला आणि दारावरची सागरदेवीची मूर्ती त्यानं उतरवून ठेवली. पुढच्या संध्याकाळी मंडळी जमली तेव्हा तो आणि त्याची बायको मिर्तो, हातपाय धुऊन, स्वच्छ कपडे घालून मल्कीयाच्या उंबऱ्याशी उभे राहिले.

मल्कीया दचकलाच. आपलं बोलणं असं चालत चालत आपल्याच दाराशी येईल, हे त्याला वाटलं नव्हतं. आत पंगत मांडलेली. यहुदी माणूस परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत नसे. त्यांचं अन्न कोणत्या भांड्यातलं, कोणत्या मूर्तीपुढं ठेवलेलं, याचा नेम नसे. मल्कीयाच्या आजानं, पणजानं हा नियम जिवापाड सांभाळला होता. तो मोडायचा कसा?

“तुम्ही आलात, आनंद झाला,” तो म्हणाला. “पण त्रीफोना, पंगतीला बसायचं तर आधी आमच्यातला व्हावं लागेल. आमचे नियम शीक. सुंता करून घे. मग आत ये.”

“शिकतो,” त्रीफोन म्हणाला. “तोवर?”

तोवर अंगणात चटई टाकली. आतली प्रार्थना बाहेर ऐकू येत होती. भाकर आतल्यांना वाटून झाली की उरलेला तुकडा बाहेर येत होता. नवराबायको तो दोन्ही हातांनी घेत आणि आपल्या घरी जाऊन जेवत.

असं एक वर्ष गेलं. त्रीफोननं नियम पाठ केले. सुंतेची तयारी आहे, असं त्यानं दोनदा सांगितलं. पण दर वेळी मल्कीयाला त्याच्यात काहीतरी अपुरं दिसे. एकदा प्रार्थनेत शब्द चुकला. एकदा शब्बाथच्या दिवशी त्यानं जहाज बुडू नये म्हणून गाठ मारली. “अजून नाही, त्रीफोना,” मल्कीया म्हणायचा. रागानं नव्हे, अगदी मायेनं म्हणायचा.

मल्कीयाची विधवा बहीण शलोमे त्याच्याच घरी राहायची. तिची जीभ तिखट होती. ती म्हणाली, “दादा, तू कापड विणतोस की उसवतोस? त्या बिचाऱ्यात दर आठवड्याला नवं भोक काढतोस.”

“घाईनं विणलेलं शीड समुद्रात फाटतं, शलोमे.”

“आणि विणतच बसलास तर जहाज किनाऱ्यावरच कुजतं. परवा तो खलाशी सांगत होता, दुसऱ्या गावांत म्हणे आपले आणि ते एकाच पंगतीला बसतात.”

“दुसऱ्या गावांचं मला सांगू नकोस,” मल्कीया म्हणाला आणि मागावर जाऊन बसला.

वसंत आला. समुद्र निवळला की पहिली जहाजं निघत. त्या दिवशी गावात मोठा उत्सव असे. प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानं चौकातल्या अग्नीत सागरदेवीच्या नावानं चिमूटभर धूप टाकायचा, अशी रीत होती. यहुदी एकाच देवाला मानतात, म्हणून रोमच्या राज्यात त्यांना यातून सूट होती. बाकी कुणालाही नव्हती. त्या वर्षी त्रीफोननं धूप टाकला नाही. तो चौकात गेलाच नाही. गर्दीत ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण तिसऱ्या दिवशी एक जहाज खडकावर आपटून बुडालं. अकरा खलाशी गेले. अकरा घरांतून रडणं ऐकू येऊ लागलं. दुःखात माणूस कारण शोधतो. कुणीतरी विचारलं, “यंदा धूप कुणी टाकला नाही?” आणि कुणीतरी उत्तर दिलं, “दोरवाल्या त्रीफोननं. बुडालेल्या जहाजावर दोरही त्याचेच होते.”

शिपायांनी त्रीफोनला चौकात आणलं. सारा गाव लोटला. गावचा कारभारी तसा दुष्ट नव्हता, पण अकरा घरांचे लोक त्याच्यापुढं उभे होते. त्यानं विचारलं, “धूप का टाकला नाहीस?”

“मी मल्कीयाबाबांच्या मंडळीतला आहे,” त्रीफोन म्हणाला. “आम्ही टाकत नाही.”

कारभाऱ्यानं मल्कीयाला बोलावणं धाडलं. मल्कीया हातातला मागावरचा धोटा तसाच घेऊन आला.

“मल्कीया, तुझ्या शब्दावर हे गाव चालतं,” कारभारी म्हणाला. “हा तुमचा असेल तर तुमची सूट यालाही आहे. मी त्याला आत्ता सोडतो. तुमचा नसेल तर त्याला धूप टाकावा लागेल, नाहीतर फटके. एवढंच सांग. हा तुमचा आहे का?”

मिर्तो गर्दीतून मल्कीयाकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. तिला उत्तर ठाऊकच होतं जणू.

मल्कीयाच्या मनात भराभर विचार आले. त्याची सुंता झालेली नाही. तो पंगतीला बसलेला नाही. हो म्हणावं तर ते खोटं. आणि खोटं उघडकीला आलं तर आपल्या सगळ्या यहुदी घरांची सूट जाईल. मल्कीया जन्मात खोटं बोलला नव्हता.

“अजून नाही,” तो म्हणाला.

मिर्तोनं ते ऐकलं. कुणी अचानक तोंडावर पाणी मारावं तशी ती नुसती उभी राहिली.

“ऐकलंस?” कारभारी त्रीफोनला म्हणाला. “ज्यांच्यासाठी तू देवीला सोडलंस, तेच तुला आपला म्हणत नाहीत. टाक चिमूटभर धूप आणि जा घरी. तुला मारायची मला काही हौस नाही.”

त्रीफोननं मल्कीयाकडं पाहिलं. मग तो म्हणाला, “बाबांनी खरं तेच सांगितलं. ते मला अजून आपला म्हणत नाहीत. पण मी त्यांचाच आहे. हेही खरंच आहे.”

फटके सुरू झाले. पहिल्या वेताचा आवाज झाला आणि मल्कीयाच्या हातून धोटा गळून पडला. देवीचा धूप टाकू नकोस, हे याला शिकवलं कुणी? दुसरा फटका. सगळ्यांत तू आलास, हे सांगितलं कुणी? तिसरा. दहा फटके झाले. “उद्या पुन्हा दहा,” कारभारी म्हणाला. “परवा पुन्हा. धूप टाकेपर्यंत.”

नेमका तो दिवस मंडळी जमण्याचा होता. दिवेलागणीला सगळे आले. मल्कीयानं भाकर हातात घेतली. रोजच्या भाकरीसारखीच भाकर होती, पण बोटांना ती मोडवेना. त्यानं नकळत अंगणाकडं पाहिलं. चटई रिकामी होती.

“बाहेर आज कुणी नाही, दादा,” शलोमे म्हणाली. “निवांत मोड. सगळे अगदी आपलेच आहेत.”

मल्कीयानं भाकर परत पानावर ठेवली. तो उठून आत गेला. त्या दिवशी त्या घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात पुन्हा गर्दी झाली. कमरेला दोर घालून खांबाला बांधलेल्या त्रीफोनला धड उभं राहवत नव्हतं. शिपायानं वेत उचलला आणि इतक्यात मल्कीया गर्दी सारत पुढं आला.

“थांबा! हा आमचा आहे.”

लोक एकमेकांकडं बघू लागले. कारभारी हसला. “काल नाही, आज हो? एका रात्रीत याच्यात असं काय बदललं, मल्कीया?”

“याच्यात काही बदललेलं नाही. काल मी खोटं बोललो.”

चौकात एकदम कुजबुज उठली. मल्कीया खोटं बोलला! म्हाताऱ्या व्यापाऱ्यांनी कानांवर हात ठेवले. सभास्थानातले लोक एका बाजूला उभे होते. त्यांचे चेहरे पांढरे पडले.

कारभारी आता हसेना. “की आज बोलतोयस? तुझं कोणतं खरं मानू?” त्यानं क्षणभर विचार केला. “सारं गाव जाणतं, यहुदी माणूस परक्याच्या हातचं खात नाही. हा तुझा भाऊ असेल तर इथं, सगळ्यांसमोर, त्याच्याबरोबर एका ताटात जेव. जेवलास तर मी मानलं. नाही जेवलास तर याला फटके, आणि तुझ्या घराची सूट कायमची गेली.”

गर्दीला मजा वाटली. “वाढा, वाढा!” पोरंटोरं ओरडली. एक शिपाई धावत देवळाकडं गेला आणि वेदीवर वाहिलेल्या डुकराच्या मांसाचं ताट घेऊन आला. वाफा निघत होत्या. शिपायानं ताट मल्कीयाच्या पुढ्यात ठेवलं. मल्कीयाला दरदरून घाम फुटला. पूर्वजांनी जीव दिले होते, पण याला हात लावला नव्हता. आणि हात लावला नाही तर समोरचा माणूस मरणार होता.

तेवढ्यात खांबापाशी हालचाल झाली.

“ते न्या तिकडं,” त्रीफोन म्हणाला. आवाज अगदी खोल गेला होता. “बाबा ते खात नाहीत. त्यांच्या देवाला चालत नाही ते. मीही खात नाही.”

“मग काय, उपाशी बसून जेवणार दोघं?” शिपाई म्हणाला. लोक हसले.

“माझी बायको माझी शिदोरी घेऊन आलीय. त्यातलं द्या.”

मल्कीया बघतच राहिला. पाठीची सालटं निघालेला हा माणूस स्वतःची सुटका बाजूला ठेवून मल्कीयाचा नियम सांभाळत होता. काल मल्कीयानं मात्र तोच नियम पुढं करून त्याला फटक्यांच्या हवाली केलं होतं.

कारभाऱ्यानं मान डोलावली. “कुणाच्या का घरचं असेना. ग्रीकाच्या चुलीवरचं आहे ना? बास.”

मिर्तो पुढं आली. तिनं फडकं सोडलं. जवाच्या भाकरी, मसुराची उसळ, कांदा, मूठभर ऑलिव्ह. तिनं ते एका ताटात घालून दोघांच्या मधे ठेवलं. खांबाशी बसलेल्या त्रीफोनसमोर मल्कीया गुडघे टेकून बसला. त्याचा हात पुढं झाला आणि अर्ध्यावरच थांबला. साठ वर्षांची सवय त्या हातात होती. त्याला तो हात रेटवेना. गर्दीतून कुणी हुर्यो केली.

मग मिर्तो खाली वाकली आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “खा, बाबा. तुम्हाला चालेल असंच आहे. मडकं नवं घेतलंय. त्यात दुसरं काही कधी शिजवलेलं नाही. शलोमेताईंनी सांगितलं तसं सगळं पाळते मी. वर्ष झालं.”

मल्कीयानं मान वर केली. “वर्ष? कशासाठी?”

“तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “तुम्ही आम्हाला आत घ्याल तेव्हा घ्याल. पण एखाद्या दिवशी तुम्हीच आमच्याकडं आलात तर? दारात आलेल्या माणसाला वाढायला घरात काही नको?”

मल्कीयाला वाटलं, जमीन हलली. वर्षभर दर आठवड्याला तो या दोघांत काय कमी आहे ते शोधत होता. आणि वर्षभर, रोज, ही बाई त्याच्यासाठी वेगळं मडकं घासत होती. जो कधी आला नाही, ज्यानं येईन असं म्हटलंही नाही, त्याच्यासाठी. त्यानं त्यांना अंगणात बसवलं होतं. त्यांनी त्याची जागा चुलीपाशी राखून ठेवली होती.

त्याला हुंदका आवरेना. एवढा मोठा, पांढऱ्या दाढीचा माणूस सगळ्या गावासमोर पोरासारखा रडला. मग त्यानं भाकर उचलली आणि मोडली. अर्धी त्रीफोनपुढं धरली. त्रीफोननं हात उचलायचा प्रयत्न केला, पण फटक्यांनी खांदे सुजले होते, हात वर जाईना. तेव्हा मल्कीयानं तुकडा उसळीत बुडवला आणि आपल्या हातानं त्याला भरवला. मग त्याच ताटातला दुसरा घास स्वतःच्या तोंडात घातला.

हुर्यो थांबली होती. सभास्थानातल्या म्हाताऱ्या सोबत्यांनी तोंडावरून शाल ओढली आणि ते निघून गेले. मल्कीयानं त्यांना जाताना पाहिलं. त्याला फार दुःख झालं, पण तो उठला नाही. ताट संपेपर्यंत बसून राहिला.

कारभारी दिलेल्या शब्दाला जागला. “दोर सोडा याचे,” तो म्हणाला. मग मल्कीयाकडं वळून, जरा चिडून, जरा नवलानं म्हणाला, “अजब लोक आहात तुम्ही. तो तुमच्यापायी मार खातो, तुम्ही त्याच्यापायी अब्रू घालवता. मिळतं काय तुम्हाला यातून?”

मल्कीया उठला. त्यानं त्रीफोनच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं.

पुढं सगळं गोड झालं, असं नाही. मंडळीतली चार घरं मल्कीयाकडं यायची बंद झाली. सभास्थानात त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. “खोटं न बोलणारा मल्कीया” असं आता कुणी म्हणेना. पण अंगणातली चटई त्या दिवशी आत आली, ती पुन्हा बाहेर गेली नाही. सुंता झाली का, हा प्रश्न मल्कीयानं त्रीफोनला पुन्हा विचारला नाही. आणि डुकराचं मांस त्रीफोनच्या घरी पुढंही कधी शिजलं नाही, त्यासाठी त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

बऱ्याच वर्षांनी मंडळी मोठी झाली. ग्रीक, सिरियाचे, कुठले कुठले लोक एका पंगतीला बसू लागले. एकदा एका नव्या माणसानं म्हाताऱ्या मल्कीयाला विचारलं, “बाबा, त्या चौकातल्या दिवशी त्रीफोनकाका मंडळीत आले ना?”

“छे रे,” मल्कीया म्हणाला. “त्रीफोन तर केव्हाच आला होता. त्या दिवशी आलो तो मी.”

तात्पर्य: दुसऱ्याला आपल्यात घ्यायला तो पुरता लायक झाला का, हे मोजत बसणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, ज्या देवाच्या घराचं दार मी अडवून उभा आहे, त्या घरात मी तरी आत आलोय का?